यादीतला शेवटचा रकाना

छाया गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढत होते. फोन दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. शाळेच्या वेळात तो कधी फोन करत नाही, म्हणून खडू तसाच हातात घेऊन व्हरांड्यात आले. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला आणि मग, "सुरे, आपली छायाताई गेली गं..." एवढं बोलून जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर माणसं हाकणारा हा पन्नाशीचा माणूस हमसून हमसून रडायला लागला. निमित्त तापाचं. गुरांच्या लसीकरणाची मोहीम चालू होती, तिने चार दिवस ताप अंगावर काढला, पाचव्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं आणि आठव्या दिवशी सगळं आटोपलं. मी वर्गात परत गेले. अर्धी पेशी फळ्यावर तशीच होती. पोरांना म्हटलं, वह्या मिटा, आणि तास संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिले.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. रडून झालं. आता राग उरला आहे आणि त्या रागापायीच हे लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाच्या गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं. छायाबद्दल गोड बोलणारे तिच्या शोकसभेत पुष्कळ झाले, आणि त्यांचं ते गोड बोलणंच माझ्या घशात अडकून बसलं आहे.

डॉ. छाया म्हणजे भोकरदन तालुक्यातली जनावरांची सरकारी डॉक्टर, आमच्या धावड्याचीच लेक आणि माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. आमचं घर मराठ्याचं, तिचं धनगराचं. तिच्या वडिलांची, किसनबाबांची, मेंढरं होती. दिवाळी झाली की ते कळप घेऊन बाहेर पडायचे आणि पेरणीच्या तोंडावर परत यायचे. परतल्यावर पहिल्या चार रात्री कळप आमच्या रानात बसायचा. रानाला खत मिळायचं, त्यांना धान्य मिळायचं, आणि छाया व मी बांधावर बसून कोणतं कोकरू कोणाचं यावर भांडायचो. ती प्रत्येक कोकराला नाव ठेवायची. मला सगळी सारखीच दिसायची. बारावीला आम्ही दोघी भोकरदनला एकाच एसटीने जायचो, एकाच पुस्तकावर अभ्यास करायचो आणि दोघींनीही एकच ठरवलं होतं, जनावरांचं डॉक्टर व्हायचं. खरं सांगायचं तर ते तिने ठरवलं होतं आणि मी तिच्या मागे गेले होते.

त्या उन्हाळ्यात किसनबाबा तिच्या जातीच्या दाखल्यासाठी हिंडत होते. आज तलाठी नाही, उद्या साहेब मीटिंगला, परवा एक कागद कमी... कळप भावाच्या ताब्यात देऊन हा निरक्षर माणूस तहसिलीच्या पायऱ्यांवर बसून असायचा. आमच्या घरी याचं कोणाला काही वाटलं नाही. उलट दादा म्हणायचा, "त्याहिला बरंय, कागद मिळाला की काम फत्ते." आम्हाला असा कागद लागत नव्हता आणि तो लागत नसल्याचा आम्हाला एक तोराही होता.

निवडयादी लागली ती दूरच्या कॉलेजात. दादा आम्हा दोघींना घेऊन गेला. तिथला बोर्ड लहान आणि यादी लांबलचक, म्हणून शिपायाने कागद एकावर एक चढवून टाचले होते. प्रत्येक कागदाचा उजवा काठ पुढच्या कागदाखाली दडलेला. पोरांची ही झुंबड. दादाने बोट फिरवत फिरवत छायाचं नाव काढलं. अनुक्रमांक, नाव, गुण, आणि त्यापुढे प्रवर्ग... एनटी. त्याच्यापुढचा रकाना दुसऱ्या कागदाखाली होता. तो उचलून बघावा असं दादाला वाटलं नाही, मला तर नाहीच नाही. माझं नाव प्रतीक्षायादीत सापडलं, चौथं. दादा म्हणाला, "झालं! कोट्यातून लागली ही. तुझी सीट गेली बघ, सुरे." छाया आमच्या शेजारीच उभी होती.

एक गोष्ट आज कबूल करते. त्या यादीत गुणांचा रकाना उघडा होता. तिचे गुण माझ्यापेक्षा सात जास्त होते. मी ते माझ्या डोळ्यांनी वाचले होते. वाचले आणि एसटीत बसेपर्यंत विसरूनही गेले. परतीच्या वाटेत ती पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाली, "सुरे, पुढच्या वर्साला तुझं बी होईल बघ." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. माझी सीट खाणाऱ्या बाईशी काय बोलायचं? माझं पुढच्या वर्षीही झालं नाही. बीएस्सी, बीएड करून शाळेत लागले, आणि कित्येक वर्षं कोणी विचारलं की सांगायचे, "माझी व्हेटरनरीची सीट थोडक्यात हुकली, काय आहे ना, कोटा..." पुढचं वाक्य मी कधीच पुरं करत नसे. समोरचा मान हलवायचा आणि मला बरं वाटायचं.

अबोला सुटला तो एका गाईमुळे. छाया दिवाळीच्या सुट्टीत गावी आली होती. आमची चांदी नावाची गाय भर दुपारी अडली. भोकरदनचे डॉक्टर रजेवर. आई म्हणाली, "जा, छायाला बोलाव." मी जागची हलले नाही. शेवटी दादाच सायकल काढून गेला. छाया आली, ओढणी कंबरेला बांधली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि आधी आईला विचारलं, "काकू, हिचं नाव काय?" मग गाईच्या कानाशी, "चांदे, जरा दम धर बाई..." वासराची मान आत मुरगळली होती. तिने खांद्यापर्यंत हात घालून ती सरळ केली. तिचं तोंड लाल झालं होतं, पण बोलणं एकसारखं चालू होतं, सगळं चांदीशीच. वासरू बाहेर आलं तसा दादा म्हणाला, "बराबर शिकून राह्यली की गं तू!" ती हसली आणि माझ्याकडे न बघता दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "सुरे, पाणी टाक." मी तांब्या घेतला. माफी वगैरे काही झालं नाही.

शिक्षण झालं, परीक्षा देऊन ती सरकारी डॉक्टर झाली. पहिली नेमणूक बदनापूरला. तिथे एक म्हातारा बैल घेऊन आला आणि तिला बघून कंपाउंडरला म्हणाला, "बाई कोट्यातली हाय म्हन्त्यात. सुई बराबर टोचती का?" छायाने ते ऐकलं. म्हणाली, "मामा, मला न्हाई, बैलाला इचारा." हे ती आम्हाला सांगायची तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. आता वाटतं, आपण कशाला हसत होतो? वीस वर्षं तिने हेच ऐकलं. कॉलेजात ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, आमच्या घरातही ऐकलं. लग्नाच्या पंगतीत माझा एक चुलतभाऊ तिच्यासमोर म्हणाला होता, "आम्हाला बी कोटा असता तं आज आम्ही बी डॉक्टर असतो." या चुलतभावाने आपल्या पोराला पुढे बक्कळ डोनेशन भरून परराज्यात इंजिनिअर केलं. त्या पोराला पैशातला इंजिनिअर असं अजून कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याचा रकाना वाचायची कोणाला गरज पडत नाही.

भोकरदनला बदली झाल्यापासून ती आमच्या गोठ्यात रबरी गमबुटांचा एक जोड कायमचा ठेवायची. धावड्याच्या बाजूला आली की गाडीतल्या चपला काढायच्या, आमच्याकडचे बूट चढवायचे आणि मग पुढच्या घरी जायचं. काम झालं की हौदावर धुऊन खुंटीवर उलटे अडकवायचे. आई म्हणायची, "तुझे बूट हायेत म्हनून तरी तू येतीस."

मग आमच्याकडेही कागदाचे दिवस आले. रानाच्या वाटण्या झाल्या, दादाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात घर चालेना म्हणून तो एमआयडीसीत गेलेला, आणि त्याची मुलगी तनू बारावीला. तिला जनावरांचंच डॉक्टर व्हायचं होतं, छायाआत्यासारखं. जुन्या दप्तरात आमच्या पणजोबांच्या नावापुढे कुणबी अशी नोंद सापडली आणि दादा दाखल्याच्या मागे लागला. आज तलाठी नाही, उद्या साहेब मीटिंगला... तहसिलीच्या त्याच पायऱ्या. तनूच्या दाखल्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पोरगी हुशार आहे आणि घरची ओढाताण मी बघते आहे. कोणाची मागणी किती खरी, कोणाला किती द्यावं, हा वाद आमच्या जिल्ह्यात चौकाचौकात, एसटीत, पाहुण्यांच्या बैठकीत चालू आहे, आणि तो सोडवायची माझी कुवत नाही. पण काल ज्या तोंडाने दुसऱ्याला कोट्यातली म्हणून हिणवलं त्याच तोंडाने आज दाखला मागताना जीभ जराही अडखळू नये? दादाची अडखळली नाही. त्याने सरळ छायाला फोन लावला, "छायाताई, कागद कोणते लागत्यात गं?"

तिने चिमटा काढला असता तरी मी तिच्या बाजूने उभी राहिले असते. पण ती दुसऱ्याच दिवशी स्वतःची जुनी फाइल घेऊन घरी आली. "यातला क्रम बघून तुमचे कागद लावा," म्हणाली. जाता जाता एवढंच म्हणाली, "दादा, चपला चांगल्या घेऊन ठेवा. लई हिंडावं लागतं."

ती फाइल मी लावायला घेतली आणि तिच्या तळाशी मला ती यादी सापडली. आम्ही भिंतीवर बघितलेल्याच यादीची झेरॉक्स, पण पूर्ण पान, उजव्या काठासकट. छायाचं नाव, गुण, प्रवर्ग एनटी, आणि शेवटच्या रकान्यात, कोणती जागा मिळाली तिथे, एकच शब्द... खुला. तिला राखीव जागा मिळालीच नव्हती. गुण इतके होते की ती खुल्या यादीतच बसली होती. वीसेक वर्षं जी सीट कोट्याने खाल्ली म्हणून मी सांगत फिरले, ती तिने माझ्यासमोर, माझ्यासारखाच पेपर सोडवून, सात गुणांनी जिंकलेली होती.

पुढच्या रविवारी ती धावड्याला आली, हौदावर बूट धुवत होती, तेव्हा मी कागद समोर धरला. "हे काय गं?" तिने एकदा बघितलं आणि पुन्हा ब्रश चालवायला लागली.

"तुला आज दिसलं व्हय?"

"छाये, तू ओपनमधून लागल्ती! आन् हे लोक जन्मभर तुला... तू एकदा तरी सांगायचं ना!"

"कोणाला सांगू? म्हातारा बैल घेऊन आला त्याला? का तुझ्या दादाला?" ती जरा थांबली. "आन् काय सांगू? मी कोट्यातली न्हाई, म्हणून? मंग माझ्या रूमवर जी पोरगी होती, कोट्यातून आल्ती, तिच्या बापाला सोताच्या मेंढ्या बी नव्हत्या, दुसऱ्याच्या राखायचा. ती माझ्यापेक्षा जास्ती अभ्यास करायची. मी हात वर करून म्हणले की मी त्यातली न्हाई, तं सगळ्याचं बोट तिच्याकडं जातं. तिनं काय चोरी केल्ती का?"

तिने बूट उलटा करून पाणी झटकलं.

"आन् फी तं मी त्याच दाखल्यावर माफ करून घेतली. होस्टेल घेतलं. बाबा हिंडले म्हणून शिकले मी, सुरे. त्याहिला वाटतं त्यांच्या कागदानं पोरगी डॉक्टर झाली. ते बी खोटं न्हाई. तू दादाला सांगायचं न्हाई. बिलकुल न्हाई." मी कबूल केलं. कागद फाइलमध्ये परत ठेवला. पुढे तनूला प्रवेश मिळाला, इतर मागासवर्गातून. दादाने गावात तिच्या अभिनंदनाचा मोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर तनूचा फोटो होता, दादाचा होता, भावकीतल्या बारा जणांचे होते. रकाना कोणताच नव्हता.

फाइल आमच्याकडेच राहिली आणि छाया गेली.

शोकसभा ग्रामपंचायतीसमोर झाली. एका पुढाऱ्याने भाषण केलं, "कोट्यातून येऊनसुद्धा ताईंनी किती चांगलं काम केलं!" लोकांनी माना डोलावल्या. मग दादा उठला. त्याचा आवाज भरून आला होता आणि तो जे बोलला ते अगदी मनापासून बोलला, हेच मला जास्त लागलं. "आरक्षणाचं सोनं कसं करावं, ते छायाताईनं दाखवून दिलं." पुढच्या रांगेत किसनबाबा फेटा मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनीही मान हलवली. मेल्यावरसुद्धा तिला हे ऐकावं लागावं? हिच्या हातांमुळे या गावातली निम्मी गुरं जिवंत आहेत, आणि यांचं कौतुक अजून भिंतीवरच्या त्या बोर्डापाशीच उभं आहे!

घरी आल्यावर मला राहवलं नाही. छायाला दिलेला शब्द मोडून मी यादी काढून दादापुढे आपटली. "वाच. शेवटचा रकाना वाच." त्याने चष्मा लावून वाचलं. मग म्हणाला काय, "मंग हिनं तवाच सांगायचं ना..." म्हणजे चूक तिचीच! आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने जे सुरू केलं त्याने मी हबकलेच. पारावर, दूध डेअरीवर, फोनवर, भेटेल त्याला, "अहो, आपली छायाताई तं ओपनमधून लागल्ती! कोट्याचा काही संबंधच न्हाई!" जसा काही तिच्यावरचा डाग धुतला गेला. लोकही म्हणायला लागले, "असं का? मंग खरीच हुशार होती." खरीच! इतकी वर्षं त्यांच्या गाई सोडवणारी बाई त्या कागदाने हुशार ठरली. छाया हौदावर मला जे सांगत होती ते मी आता डोळ्यांनी बघत होते, आणि ते माझ्याच हाताने झालं होतं. गुपित आता गावभर झालंच आहे. ती ते का सांगत नव्हती हेही लोकांना कळावं, म्हणून हा लेख.

दादा ही बातमी घेऊन किसनबाबांकडे निघाला तेव्हा तनू आणि मीही बरोबर गेलो. तनू कॉलेजातून शोकसभेसाठी आली होती. दादाने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "बाबा, तुमची पोरगी खुल्या जागेवर लागल्ती. दाखल्याची गरजच न्हवती!" म्हाताऱ्याने आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. मग हळूच विचारलं, "मंग म्या येवढा हिंडलो... ते वाया गेलं व्हय रं?"

दादाचा चेहरा उतरला. मी खाली बसले, त्यांचा हात धरला. म्हटलं, "न्हाई बाबा. त्याच कागदावर तिची फी माफ झाली. होस्टेल मिळालं. ती मला सोता म्हणाल्ती, बाबा हिंडले म्हणून मी शिकले." त्यांनी पुन्हा विचारलं, "सोता म्हणाल्ती?" मी म्हटलं, "हो." मग ते फेट्याच्या शेवाने डोळे पुसत बसले.

परत येताना घराजवळ आल्यावर तनू थांबली.

"बाबा, छायाआत्या ओपनमधली म्हणून तुम्ही दोन दिवस गावभर सांगून राह्यले. मंग मी काय हाय?"

दादाने तिच्याकडे बघितलं. फ्लेक्स अजून समोरच्या खांबावर होता, तिघांनाही दिसत होता. दादा तसाच गोठ्यात गेला आणि कडबा टाकत बसला. पारावरचं त्याचं सांगणं त्या दिवसापासून बंद झालं. त्याच्यापुढे यादी आपटून मला जे जमलं नाही ते पोरीच्या एका प्रश्नाने झालं.

तनू कॉलेजला परत निघाली त्या सकाळी तिने गोठ्यातल्या खुंटीवरून छायाचे बूट काढले. आत विंचूकाटा नाही ना म्हणून उलटे करून आपटले आणि पायात घातले. आई म्हणाली, "मोठे होत्यात गं तुला." दादा म्हणाला, "जालन्याहून नवे घेऊ." तनू म्हणाली, "नको. दोन मोजे घालीन." दादाने मग ते बूट स्वतः हौदावर नेऊन धुतले, पुसले, पोत्यात बांधून तिच्या सामानात ठेवले. खुंटीवर आई आता दुसरं काही अडकवू देत नाही.

गेल्या आठवड्यात तनूचा फोन आला होता. गोठ्यातल्या प्रॅक्टिकलला एका मुलाने सगळ्यांसमोर तिला विचारलं म्हणे, "तू कोट्यातली का गं?" म्हटलं, "मंग? काय म्हणलीस?"

"म्हणलं, हो. आता सरक बाजूला. मला गाईपाशी जायचंय आन् मला तिचं नाव बी म्हाईत न्हाई अजून."